खंडेनवमी आणि नऊ मिलिमीटर

नेमबाजीच्या रेंजवरच्या माणसाने माझ्या खोक्यातले एक काडतूस उचलले, किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेले लोहचुंबक त्याच्या टोकाजवळ नेले आणि टक् असा बारीक आवाज झाला. काडतूस चुंबकाला चिकटून लोंबकळू लागले. तो माणूस हसला. मीही हसलो, कारण माल अस्सल धातूचा निघाला असा माझा प्रामाणिक समज झाला होता.

"अहो, हसू नका," पत्नी माझ्या दंडाला चिमटा काढत म्हणाली. "तो नाही म्हणतोय."

"नाही कशाला? चिकटलं की."

"चिकटलं म्हणूनच नाही म्हणतोय."

गोळीत पोलाद असेल तर ती मागच्या भिंतीची खराबी करते, ठिणगी उडवते, आणि म्हणून या रेंजवर अशी गोळी चालत नाही, असे त्याने तिला सांगितले व तिने मला सांगितले. खोके त्याने अदबीने माझ्या हातात परत ठेवले. गावातल्या सर्वांत स्वस्त दुकानातली सर्वांत स्वस्त काडतुसे मी मोठ्या चौकशीअंती निवडली होती. त्या चौकशीत चुंबकाचा मुद्दा कोणीच उपस्थित केला नव्हता, हे मला येथे नमूद करावेसे वाटते.

आम्ही तेथे का उभे होतो, हे प्रथम सांगितले पाहिजे.

माझा व्यवसाय अर्ज लिहिण्याचा. दहावीनंतर शाळेने व मी परस्परसंमतीने एकमेकांना सोडले. पुढची उमेदीची वर्षे मी तालुक्याच्या कचेरीसमोर, ताडपत्रीच्या सावलीत, टंकलेखन यंत्रापुढे काढली. वारसनोंद, फेरफार, रस्त्याची तक्रार, बांधाची तक्रार, पेन्शन. मी लिहिलेल्या अर्जावर साहेबाने पुन्हा शाईचे बोट ठेवले असे सहसा घडले नाही. मग पत्नीच्या भावाने आम्हाला अमेरिकेत आणण्यासाठी अर्ज केला. तो अर्ज मी लिहिलेला नव्हता, त्यामुळे मंजुरीस फार विलंब लागला. अखेर आम्ही व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्न येथे येऊन स्थिरावलो आणि आल्यावर मला कळले की माझी गरज येथे अधिक आहे. येथील निवृत्त डॉक्टर आणि इंजिनियर मंडळींच्या जमिनी अजून गावाकडे आहेत. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव तसेच राहिलेले असते, भावकीने बांध सरकवलेला असतो. ज्या हातांनी माणसांची हृदये उघडून शिवली, ते हात तलाठ्याला पत्र लिहायला बसले की 'डिअर सर'च्या पुढे सरकत नाहीत. तेव्हा ते माझ्याकडे येतात.

पत्नी एका डेटा सेंटरवर सुरक्षारक्षक आहे. आमच्या भागात या इमारती सर्वत्र आहेत. खिडक्या नाहीत, माणसे नाहीत, फक्त घरघर. तिला रात्रपाळी होती. ती पहाटे परतून अंथरुणात शिरायची तेव्हा मी उठत असे आणि मी संध्याकाळी कागद आवरायचो तेव्हा ती गणवेशाची बटणे लावत असे. आमचा संसार उंबरठ्यावर चालला होता. एक आत येतो, एक बाहेर जातो, मध्ये डब्याची देवघेव होते. अशात तिच्या कंपनीत दिवसपाळीची एक जागा निघाली. परंतु ती जागा शस्त्रधारी रक्षकाची होती. त्यासाठीचा प्रशिक्षणवर्ग तिने पूर्ण केला, पिस्तूल घेतले, कागदपत्रे झाली. आता दसऱ्यानंतरच्या आठवड्यात नेमबाजीची चाचणी द्यायची होती. त्यात ती उत्तीर्ण झाली तर दिवसपाळी. नाही झाली तर जागा दुसऱ्याला आणि आम्ही पुन्हा उंबरठ्यावर.

सरावासाठी काडतुसे भरपूर लागतात. ती स्वस्त हवीत, नाहीतर पगार रेंजवरच संपेल. ती भरवशाची हवीत, नाहीतर सराव कसला? ही निवड पत्नीने माझ्यावर सोपवली. वास्तविक आम्ही ज्यांच्या तळघरात राहतो त्या काकूंना विचारता आले असते. काकू निवृत्त भूलतज्ज्ञ. या देशात फार पूर्वी आल्या, काका गेल्यापासून दर गुरुवारी रेंजवर जातात आणि तेथील सगळे त्यांना बघून दारे उघडतात. "मला विचारून घ्या हं वकीलसाहेब," असे त्यांनी सांगितलेही होते. मी वकील नाही. परंतु काकू मला याच नावाने हाक मारतात आणि मी ती दुरुस्ती करत नाही. चौकशी करणे हा ज्याचा व्यवसाय त्याने दुसऱ्याला काय विचारायचे, असे मला वाटले. म्हणून ते चुंबक.

"दुकान परत घेत नाही," संध्याकाळी चहाच्या वेळी काकू म्हणाल्या. त्यांनी आमच्यासमोर चकल्यांची थाळी ठेवली होती व त्या हसू दाबत होत्या. "काडतुसं एकदा बाहेर गेली की परत नाही घेत कोणी. पॉलिसी असते ना यार. तुम्ही अर्ज करून बघा."

"मजकूर तयार आहे," मी म्हणालो.

"हो ना? काय लिहिलंय?"

"विषय, सदोष मालाबाबत."

"अहो, माल सदोष नाहीये. दुसऱ्या रेंजवर धावेल तो. तुम्ही चुकीच्या दारात गेलात." त्या पत्नीकडे वळल्या. "पोरी, तू पितळेची घे. नऊ मिलिमीटर, साधी गोल नाकाची, एकशे पंधरा ग्रेन वजनाची. कंपनी कुठलीही चालेल, नवी असली पाहिजे. रीलोड केलेली नको."

मी दुसऱ्याच दिवशी तशी आणली. पितळेची पुंगळी, तांब्याच्या कातडीची गोळी, बुडाशी दिवाळीतल्या टिकलीएवढे गोल तोंड, ज्यावर पिस्तुलाची सुई आपटते आणि सगळे सुरू होते. खोके उघडले की ओळीने उभी राहिलेली, मोदकांच्या पात्रासारखी. मला ती अतिशय सुरेख वाटली. मी एक उचलून उजेडात धरले, तेव्हा पत्नी म्हणाली, "अहो, लग्नात मला असं बघितलं नव्हतं तुम्ही."

"तेव्हा उजेड कमी होता."

ती घेऊन आम्ही रेंजवर गेलो, त्या सकाळी काय झाले ते आता सांगतो. पत्नी रात्रपाळीवरून सरळ आली होती, डोळ्यांखाली काळे, पण आवाज अडवणारे मफ कानावर चढवले तशी ती ताठ झाली. मी तिच्या मागे, पिवळ्या रेषेच्या अलीकडे, प्रेक्षक म्हणून उभा होतो. पहिला बार झाला आणि तो माझ्या छातीत वाजला. दुसरा झाला. कागदावर मधोमध छिद्र. तिसरा, चौथा. छिद्रे एकमेकांना चिकटू लागली. वीस वर्षे माझ्या डब्यात भाजी भरणारी ही बाई असे काही करू शकते, याची मला कसलीच पूर्वसूचना नव्हती. मी टाळ्या वाजवायला हात वर केले आणि त्याच क्षणी तिच्या पिस्तुलातून उडालेली एक गरम पुंगळी हवेत गिरकी घेऊन माझ्या सदऱ्याच्या गळ्यातून आत शिरली.

पुढचा भाग मी थोडक्यात सांगतो. मी नाचलो. शेजारच्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ आपले पिस्तूल खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. रेंज ऑफिसर, पांढऱ्या शेंडीचा उंच माणूस, ज्याने मागच्या खेपेला चुंबक लावले होते, तो आला आणि माझ्या सदऱ्याचे टोक पँटीबाहेर ओढून त्याने पुंगळी जमिनीवर पाडली. त्या वेळी पत्नीने काय केले? तिने मागे वळून पाहिले नाही. पिस्तूल समोर रोखून तिने काडतुसांचे मॅगझिन काढले, पिस्तूल खाली ठेवले, आणि मग वळली. मग मात्र ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावे लागले.

"गुड," ऑफिसर तिला म्हणाला. "बंदूक आधी, नवरा नंतर."

हे वाक्य पत्नीने त्या आठवड्यात घरी अनेकदा उच्चारले.

त्या सकाळी एकदोनदा एक काडतूस आत जाताना थोडे अडले होते. विशेष काही नव्हते, परंतु ते माझ्या लक्षात राहिले. आणि चार दिवसांनी खंडेनवमी आली.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा चुकत नाही. गावी मी टंकलेखन यंत्राला झेंडूची माळ घालून, कळांवर हळदकुंकू वाहून, लोखंडी सांध्यांना खोबरेल तेलाचे बोट लावत असे. येथे लॅपटॉप आणि प्रिंटर आहेत. त्यांना लांबूनच अक्षता टाकतो. परंतु या वर्षी घरात खरेखुरे शस्त्र होते. अशा वेळी लॅपटॉपवर भागवणे पत्नीलाही पटेना. काकू मुलीकडे एडिसनला गेल्या होत्या, दसरा करूनच परतणार होत्या. घर आमचे होते.

पाटावर लाल खण पसरला. रिकामे पिस्तूल त्याच्या पेटीत, पेटी उघडी, पट्टा बाजूला. आणि समोर ताम्हणात काडतुसे, खोक्यातून काढून नीट मांडलेली.

"यांनाही कुंकू लावायचं?" पत्नीने विचारले.

"काम कोण करणार? यांनीच करायचं ना?"

"मग लावते." तिने बोट कुंकवात बुडवून प्रत्येकाच्या बुडाला, त्या टिकलीवर, एक एक ठिपका दिला. ती अतिशय मन लावून करत होती, ओठ दातांत धरून. मी हळद वाहिली, अक्षता टाकल्या, फुलाने पाणी शिंपडले. मग मला आठवले की रेंजवर काडतूस अडले होते. खोबरेलाची बाटली मी पातेल्यातल्या गरम पाण्यात पातळ करून आणली. बोटाने एकेक काडतूस तेलाने पुसले, तान्ह्या बाळाची टाळू भरावी तसे. ती चकाकली. तिने ओवाळले. निरांजनाच्या उजेडात ताम्हणभर लहान लहान ज्योती दिसल्या आणि आम्ही दोघे तेथे जमिनीवर बसून एकमेकांकडे बघत राहिलो. तिला त्या रात्री सुट्टी होती, हे मला सांगितले पाहिजे. कितीतरी दिवसांनी आम्ही एका ताटाशेजारी दुसरे ताट मांडले.

"जमेल ना मला?" जेवताना ती म्हणाली.

"देवीने बघितलंय आता."

"देवीला मार्क द्यायचे नाहीयेत हो. त्या टकल्या इन्स्ट्रक्टरला द्यायचेत."

जेवल्यावर मी काडतुसे खोक्यात भरली आणि खोके गाडीच्या डिकीत ठेवले, सकाळी विसरायला नको म्हणून. पिस्तूल आपल्या कुलुपात गेले. रात्री गारठा पडला. खोबरेल तेल गारठ्यात काय करते, हे महाराष्ट्रातून या देशात आलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्याच हिवाळ्यात, न्हाणीघरात, कळलेले असते. मलाही कळलेले होते. ते ज्ञान त्या रात्री माझ्या उपयोगी आले नाही.

दसऱ्याची सकाळ. आम्ही रेंजकडे निघालो ते सीमोल्लंघन म्हणूनच. मी नवा सदरा घातला होता, गळा बंद.

पत्नीने खोके उघडले आणि थांबली. काडतुसांवर पांढरा थर बसला होता, साजूक तुपासारखा. मध्येमध्ये लाल, पिवळे. एका काडतुसाला तांदळाचा दाणा चिकटलेला.

"पुसून घेऊ का?"

"प्रसाद पुसायचा नसतो."

तिने भरली. पहिली गोळी सुटली. आम्ही दोघांनी सुस्कारा सोडला. दुसरी आत गेलीच नाही. पिस्तुलाचा वरचा सरकता पत्रा अर्ध्यावर अडकून राहिला. तिने तो ओढून काडतूस बाहेर टाकले. तिसरे काडतूस आत गेले, तिने चाप ओढला, टिक् असा आवाज आला आणि काहीच झाले नाही.

"समोरच धरा," ऑफिसर तिच्या मागून म्हणाला. "थांबा. कधी कधी उशिरा सुटते." ती थांबली, टोक समोर, हात न हलवता. काही सुटले नाही. "ठीक. आता मॅगझिनच्या बुडाला तळहाताने ठोका, पत्रा ओढा, पुढे चला."

ठोका, ओढा, पुढे चला. तिने ठोकले, ओढले, पुढची सुटली. त्यापुढची अडकली. ठोका, ओढा. एक सुटली, दोन अडकल्या. ठोका, ओढा, टिक्, थांबा. मला वाटते ती त्या सकाळी एक पूर्ण मॅगझिन कधीही अखंड चालवू शकली नाही. पुढे पुढे मी पाहिले की ती विचार करणे सोडून देत होती. तिचे हात आपले आपणच चालत होते. चेहरा मात्र पडत चालला होता.

शेवटी ऑफिसरने तिला थांबवले आणि जमिनीवर पडलेले एक काडतूस उचलले. त्याने ते बोटाने चाचपले, वास घेतला.

"सर, हे काय आहे?"

माझे इंग्रजी गंभीर प्रसंगी बरे चालते. "काल पूजा," मी म्हणालो. "वेपन पूजा. वर्षातून एकदा."

"आणि हे लाल?"

"गॉडेस."

"आणि हे पांढरे?"

"कोकोनट."

त्याने काडतूस उजेडात धरून फिरवले. "म्हणजे तुम्ही दारूगोळ्याचा बाप्तिस्मा केला," तो म्हणाला.

"साधारण तसेच."

त्याने शेजारच्या धिप्पाड गृहस्थाला हाक मारली. त्याने आणखी एकाला बोलावले. ते काडतूस हातोहात फिरले, कोणीतरी त्याचा फोटो काढला, आणि एका बाईने मला विचारले की पूजेनंतर गोड काय असते. मी तिला श्रीखंडाविषयी सविस्तर सांगितले. पांढऱ्या शेंडीचा तो माणूस मात्र पत्नीपाशी जाऊन शांतपणे बोलला. तेल टिकलीत झिरपले की ती मरते. थर बसला की काडतूस आपल्या जागेत पूर्ण बसत नाही. काडतुसे कोरडी ठेवायची, तेल पिस्तुलाला द्यायचे, तेही थोडे आणि पिस्तुलाचे. उरलेली काडतुसे त्याने एका लाल बादलीत ओतून घेतली, ती सुरक्षित ठिकाणी टाकून देण्यासाठी. ताम्हणातून बादलीत गेली.

आम्ही गाडीत बसलो. मी काडतुसांच्या कारखानदारास लिहावयाच्या तक्रारीचा मजकूर सांगू लागलो, 'गेल्या खेपेपासूनच काडतूस अडत असल्याने', तेव्हा ती म्हणाली, "अहो, तेल आपलंच आहे."

"होय, पण मूळ दोष..."

"राहू दे. मला नाही वाटत जमेल." ती काचेतून बाहेर बघत होती. "टेस्टमध्ये अडकलं तर? तो टकल्या थांबेल का माझ्यासाठी? रात्रपाळी काय वाईट आहे म्हणा. सवय झाली. तुम्हाला तरी झाली ना सवय?"

मी 'नाही' म्हणालो. अर्जाबाहेरचे वाक्य मला पटकन सुचत नाही, ते सुचले.

काकू दुसऱ्या दिवशी एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या मिठाईचे खोके घेऊन परतल्या. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग तोंडावर पदर नसल्यामुळे हात धरला.

"अभ्यंगस्नान?" त्या अखेर म्हणाल्या. "वकीलसाहेब, तुम्ही काडतुसांना अभ्यंगस्नान घातलंत?"

"पूजेचा भाग म्हणून."

"आणि दिवाळीला उटणं लावणार होतात?"

"काकू, हसा तुम्ही," पत्नी म्हणाली. "टेस्ट शुक्रवारी आहे."

काकूंचे हसू एकदम गेले. त्या माणसाला क्षणात शुद्धीवर आणतात, व्यवसायच तो. "बस इथे. हे बघ पोरी, मी तीस वर्षं भूल दिली. महागडं ब्रँडेड औषध आणि स्वस्त जेनेरिक, बहुतेक वेळा एकच असतं. पण पेशंटला कुठलं सूट होतं हे पेशंटला देऊनच कळतं. तुझं पिस्तूल हा पेशंट आहे. तेव्हा एकदम ढीगभर आणायची नाहीत. तीन वेगवेगळ्या मेकचं एकेक खोकं आणा. आधी छोटा डोस. जी न अडता चालतील ती, आणि मग त्याच मेकची भरपूर."

"दुकानात पिशवीतली सुटी मिळतात," मी म्हणालो. "वापरलेल्या पुंगळीत पुन्हा भरलेली. फारच स्वस्त."

"ती नको."

"दुकानदार म्हणाला, बहुतेक वेळा चालतात."

"बहुतेकवर मी कधी कोणाला भूल दिली नाही," काकू म्हणाल्या, आणि मिठाईचे खोके पुढे सरकवले. "पेढा घ्या. आणि पिस्तूल आणा वर. आधी तुमची देवी धुऊन काढू त्यातून."

त्या दुपारी काकूंच्या जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरून त्या दोघींनी पिस्तूल उलगडले. मी बघण्याचे काम केले. बारीक ब्रशने काकूंनी आतून कुंकू काढले, कापसाच्या बोळ्यावर ते गुलाबी उमटत राहिले, आणि एका खाचेतून अक्षता निघाल्या तेव्हा त्या पुन्हा हसू लागल्या. पत्नीलाही हसू आले. मग त्यांना थांबता येईना. एकीचे थांबले की दुसरीचे सुरू होई. मी दोघींना पाणी दिले.

गुरुवारी आम्ही तिघे काकूंच्या नेहमीच्या वेळी रेंजवर गेलो. तीन खोकी घेतली. पहिले मेक चकचकीत डब्यातले, जाहिरातीतले. ते दोनदा अडले. दुसरे काकू स्वतः वापरतात ते. त्यांच्या पिस्तुलात लोण्यासारखे चालते, पत्नीच्या पिस्तुलात एकदा अडले. तिसरे खोके राखाडी पुठ्ठ्याचे होते, त्यावर चित्रही नव्हते, आणि ते मी केवळ त्याच्या साधेपणावर विश्वास ठेवून निवडले होते. ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही थांबले नाही. किमतीने ते मधले होते.

"निवड कोणाची?" मी विचारले.

"तुमची, वकीलसाहेब," काकू म्हणाल्या. "घ्या क्रेडिट."

मी घेतले.

शुक्रवारी चाचणी. पत्नी रात्रपाळी करून आली आणि तशीच उभी राहिली. सुट्टी मिळाली नव्हती. काकू आणि मी काचेमागे, कानावर मफ. इन्स्ट्रक्टर खरोखरच टकला होता. त्याच्या हातात घड्याळ, समोर चार उमेदवार, सगळे माझ्या पत्नीपेक्षा दीड हात उंच. सुरू झाले. जवळून, लांबून, एका हाताने, गुडघ्यावर बसून. तिचा कागद मला दिसत नव्हता. मला तिच्या पाठीचा ताठपणा दिसत होता आणि मी तोच वाचत होतो.

शेवटच्या फेरीत, सर्वांत लांबून, वेळ धावत असताना, तिचे पिस्तूल टिक् म्हणाले.

मला आवाज ऐकू आला नाही. काकूंनी माझे मनगट धरले त्यावरून मला कळले. चांगल्यातले चांगले काडतूसही कधी कधी फुटत नाही. सगळ्या बाळांत एखादे हट्टी निघते. शेजारच्या उमेदवाराने थबकून तिच्याकडे बघितले. ती बघत नव्हती. तिच्या तळहाताने मॅगझिनचे बूड ठोकले, हात वर गेला, पत्रा मागे आला, मेलेले काडतूस उडाले आणि पुढचा बार झाला, सगळे जणू एकाच श्वासात. त्याहून लवकर मी कधी पेनाचे टोपणही काढले नाही. दसऱ्याच्या सकाळी ती हेच शिकत होती, रडवेल्या तोंडाने, पुन्हा पुन्हा. आणि त्या शिक्षणाची व्यवस्था, वेगळ्या हेतूने का होईना, आम्ही घरीच केली होती.

"व्हॉट वॉज दॅट?" इन्स्ट्रक्टर नंतर तिला म्हणाला. "हे तू कुठे शिकलीस?"

"घरी," ती म्हणाली. "फेस्टिव्हलला."

त्याला काही कळले नाही, पण त्याने कागदावर सही केली. उत्तीर्ण. तिच्या सुपरवायझरला फोन गेला आणि काही मिनिटांतच परत आला: सोमवारपासून सकाळी, गेटवर. ती पार्किंगच्या मधोमध उभी राहून "येस सर, येस सर" म्हणत होती, आणि दुसऱ्या हाताने तिने माझी बाही मुठीत धरली होती, मी पळून जाईन असे वाटल्यासारखी.

"आजची शेवटची रात्र," फोन ठेवून ती म्हणाली. "उद्या आणि परवा सुट्टी. सोमवारी संध्याकाळी मी घरी. सूर्य असताना. तुम्ही काय करणार सोमवारी?"

"पिठलं."

"येतं तुम्हाला?"

"मार्गदर्शन मिळवीन."

काकूंनी गाडीची किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. "तुम्ही दोघं मागे बसा. या अवस्थेत कोणीही चालवायला योग्य नाही."

त्या जोरात चालवतात. पत्नी दोन सिग्नलपर्यंत हसत होती, ठोका, ओढा, करून दाखवत होती, माझ्या गुडघ्यावर. तिसऱ्या सिग्नलला ती बोलता बोलता थांबली आणि तिचे डोके माझ्या खांद्यावर आले. भर दुपारी, उजेडात, तोंड थोडे उघडे. तिला रात्री पुन्हा जायचे होते. घरापुढे काकूंनी इंजिन बंद केले, आरशातून मागे बघितले, बोट ओठावर ठेवले आणि दार न आपटता उतरल्या. खिडकीतून वाकून कुजबुजल्या, "उठली की वर या दोघं. भात लावते."

मी हललो नाही. शेजारचे एक गृहस्थ कुत्रा घेऊन दोनदा गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी हात केला. मला उलट हात करता आला नाही. माझा उजवा हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर झाला होता. त्याबाबत मी कोणाकडेही तक्रार दाखल केली नाही.